पार्ल्यातल्या नव्या सदनिकेत सेंट्रल व्हॅक्यूम बसवावा का?

पार्लेकर_सून

नमस्कार.

विलेपार्ले पूर्वेला आमच्या इमारतीचा पुनर्विकास पूर्ण झाला असून पाचव्या मजल्यावरील तीन बेडरूमच्या, साधारण ११०० चौरस फूट कार्पेट क्षेत्राच्या सदनिकेचा ताबा आम्हाला मागच्या महिन्यात मिळाला. दिवाळीनंतर आतले काम सुरू होईल. भिंतींना हात लावायचा असेल तर तो आताच लावावा लागेल, एकदा रंग झाला की घरातले कोणी मला ड्रिलसुद्धा चालवू देणार नाही.

माझा धाकटा भाऊ टोरांटोजवळ राहतो. त्याच्या घरी तळघरात पिंपासारखे एक यंत्र भिंतीला टांगलेले आहे आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीत झाकणाची छोटी तोंडे आहेत. लांब नळी घ्यायची, झाकण उघडून तोंडात खोचायची, मुठीवरचे बटण दाबायचे आणि केर ओढायचा. गेल्या वर्षी मी तिथे सहा आठवडे राहिले तेव्हा दोन गोष्टी मनात बसल्या. एक म्हणजे खोलीत यंत्राचा आवाज जवळजवळ येत नाही, आणि दुसरी म्हणजे आपल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मागून जी गरम, धुळकट वासाची हवा बाहेर पडते ती तिथे नाही, कारण ती हवा घराबाहेर सोडलेली असते.

हा विषय मनात घोळण्याचे कारण माझे सासरे आहेत. ते ७६ वर्षांचे असून त्यांना अनेक वर्षांपासून दमा आहे. आमच्या समोरच्या आणि मागच्या अशा दोन्ही प्लॉटवर बांधकाम चालू आहे. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसंबंधी सूचना काढल्या, त्यानंतर उंच पत्रे आले, हिरवे कापड आले, अधूनमधून पाणीही मारले जाते. तरीही सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. सध्याच्या भाड्याच्या घरात मावशी फुलझाडूने केर काढतात तेव्हा बाबा गॅलरीत जाऊन उभे राहतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर लावला तर त्याहून जास्त वेळ उभे राहतात.

अंधेरीच्या एका विक्रेत्याने यंत्र, पाइप, चार इनलेट (म्हणजे भिंतीतली ती तोंडे), नळी आणि बसवणूक धरून अडीच लाखांचे कोटेशन दिले आहे. भाऊ म्हणतो की यंत्र तोच घेऊन येईल, आम्ही इथे फक्त पाइप टाकून ठेवावेत. काँक्रीटच्या इमारतीत हे पाइप नेमके कुठून नेतात, सोसायटीची हरकत येते का, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारख्या लादीच्या घरात एवढ्या खर्चाचे चीज होते का, हे अनुभवी सभासदांनी सांगावे, ही विनंती.

साइटवरचा

ताई, मी गेली २२ वर्षे मुंबईत घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करतो. सेंट्रल व्हॅक्यूमची कामे या काळात बोटांवर मोजण्याइतकीच केली आणि त्यांतले एक सोडून बाकी सगळी बंगल्यांत किंवा डुप्लेक्समध्ये होती. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पाइप कुठून जाणार, या प्रश्नावर मात्र बहुतेक बेत अडतात.

आपल्या भावाकडच्या घराचा सांगाडा बहुधा लाकडी असेल आणि भिंतींवर आतून जिप्समचे तक्ते ठोकलेले असतील. अशी भिंत मधून पोकळ असते. तळघरातून भोक पाडले की पाइप त्या पोकळीतून सरळ वर जातो, कुठे फोडाफोड नाही. आपल्याकडे भिंत म्हणजे भरीव भिंत. व्हॅक्यूमचा पाइप बाहेरून दोन इंच व्यासाचा असतो आणि आपल्या खोल्यांमधल्या भिंती बहुधा चार इंची ब्लॉकच्या असतात. भिंतीत उभी झिरी मारायची तर ती जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी, हा बांधकामातला सर्वसाधारण दंडक आहे. चार इंचांचा तिसरा हिस्सा सव्वा इंचाच्या थोडा वर भरतो. त्यात दोन इंची पाइप कसा बसवायचा, हे कोटेशन देणाऱ्याला अवश्य विचारा. तो ‘बसतो हो’ म्हणाला, तर प्लास्टरनंतर त्या रेषेवर उभी चीर पडेल तेव्हा बोलवायला त्याचा फोन नंबर जपून ठेवा.

याहून आधीचा प्रश्न म्हणजे आपल्या भिंती ब्लॉकच्या आहेत की मायवानच्या. मायवानमध्ये अॅल्युमिनियमच्या फर्म्यांत भिंत आणि स्लॅब एकदम ओततात आणि ती काँक्रीटची भिंत इमारतीचा भार घेत असते. तिच्यात झिरी मारायचा विचारही करू नये. बिल्डरकडून नकाशा मिळतोच, पण तोवर एक साधी परीक्षा करता येईल. कोपऱ्यात खिळा ठोकून पाहा. ब्लॉकच्या भिंतीत तो लोण्यात शिरावा तसा जातो, काँक्रीटवर वाकतो.

लादीखालून पाइप नेण्याचा पर्यायही बाद आहे, कारण स्लॅब आणि लादी यांच्यात भरणीची जागाच जेमतेम दोन-अडीच इंचांची असते आणि आपल्याकडे तर बिल्डरने लाद्या बसवूनही दिल्या असतील. मग उरते ते फॉल्स सीलिंग. पॅसेजच्या पीओपीवरून आडवा पाइप न्यायचा आणि कपाटाच्या मागून किंवा कोपऱ्यात खोके करून खाली उतरवायचा. बीमला भोक पाडायचे नाही, त्याच्या खालून वळसा घालायचा. तेवढे सीलिंग खाली येते हे धरून चाला.

हे काम कधी केलेच तर ते प्लंबरवर सोपवून जाऊ नका. पाण्याला एखादा काटकोनी एल्बो चालतो, केराला चालत नाही. आडव्या-उभ्या सगळ्या वळणांवर मोठ्या गोलाईचे बेंड लागतात. आखूड एल्बो फक्त एकाच ठिकाणी, इनलेटच्या लगेच मागे लावतात, आणि तोही मुद्दाम. जी वस्तू अडकणार असेल ती तिथेच, हात पोहोचेल अशा जागी अडकावी, पुढे जाऊन छतात अडकू नये. पाइप कापल्यावर कडेची कुसळे घासून काढायची आणि सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, पाइपाच्या बाहेरच्या अंगाला लावायचे, फिटिंगच्या आतून लावायचे नाही. नाहीतर सोल्युशनचा ओघळ आत वाळतो आणि पहिला केसांचा पुंजका त्याला धरून बसतो. पाइपाबरोबर दोन तारांची २४ व्होल्टची एक वायर जाते, मुठीवरचे बटण तिच्यावर चालते. वायरमनला हे आधी सांगावे लागते.

आता चार इनलेटविषयी. नऊ मीटरच्या नळीला एक इनलेट साधारण ६०० ते ७०० चौरस फुटांना पुरतो. ११०० फुटांत दोन खूप झाले, आणि घराची मांडणी अनुकूल असेल तर एकातही भागेल. चार हा विक्रेत्याचा उत्साह आहे. पैसे देण्याआधी नऊ मीटर दोरी घेऊन मोकळ्या घरात जा, एक टोक इनलेटच्या जागी धरा आणि दुसरे घेऊन प्रत्येक कोपऱ्यात फिरा. मात्र दोरी जमिनीवरून, दाराच्या चौकटीला वळसा घालून न्या. नकाशावर पट्टीने मोजलेले अंतर नळीला मान्य नसते.

भावाने यंत्र आणण्यापूर्वी त्यावरची पट्टी वाचायला सांगा. कॅनडात साधी वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. मोठी यंत्रे २४० व्होल्टचीही मिळतात आणि कार्बन ब्रशच्या मोटारीला हर्ट्झचे फारसे सोयरसुतक नसते, पण आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला असू शकते. शिवाय तिथली गॅरंटी तिथेच राहते.

जाता जाता एक गंमत. यंत्र बाहेर आणि नळी आत, ही कल्पना सुट्या व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा जुनी आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्ये जे यंत्र काढले ते घोडागाडीवर बसवलेले होते. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरायच्या. आपल्या सोसायट्यांत आज त्याला पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली असती की नाही, शंकाच आहे.

बोरिवलीची_ताई

आमच्याकडे हे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बोरिवलीत आमचे तळमजला अधिक दोन मजल्यांचे रो हाऊस आहे आणि २०१७ मध्ये ते नव्याने बांधताना आम्ही सेंट्रल व्हॅक्यूम बसवला. यंत्र गच्चीच्या जिन्याखाली आहे, प्रत्येक मजल्यावर एक इनलेट आहे आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली जमिनीलगत एक फट आहे. त्या फटीचे झाकण पायाच्या बोटाने सरकवले की यंत्र सुरू होते आणि झाडूने लोटलेला केर तिथेच आत ओढला जातो. सुपली लागत नाही. खरे सांगायचे तर आमच्या मावशींना सगळ्या यंत्रणेतली ती फटच काय ती आवडते. लांब नळीला त्या ‘अजगर’ म्हणतात आणि आठवड्यातून एकदाच, मी घरी असले तर, हात लावतात.

ती नळी हा खरोखर विचार करण्याचा भाग आहे. नऊ मीटर नळी गुंडाळून ठेवली तरी दाराच्या मागे एक माणूस उभा असल्याएवढी जागा खाते. आपोआप पाइपात परत जाणारी नळी मिळते, पण त्यासाठी नळीच्या लांबीइतका मोकळा पाइप भिंतीत किंवा छतात असावा लागतो, कारण नळी त्या पाइपातच शिरून बसते. साइटवरच्या दादांनी वर्णन केलेल्या सदनिकेत ते जमेल असे मला वाटत नाही.

फायदे आहेत आणि ते मी नाकारणार नाही. जिन्यावरून जड यंत्र चढवावे लागत नाही. केर काढताना खालच्या मजल्यावर टीव्ही ऐकू येतो. पिंप दोन-अडीच महिन्यांनी गच्चीत वर्तमानपत्र पसरून रिकामे करतो. त्यातून केस, वाळू, पिस्त्याची टरफले, बुद्धिबळातले एक काळे प्यादे आणि एकदा माझ्या कुड्याची फिरकी निघाली. त्या राखाडी ढिगाकडे पाहून, हे सारे एरवी आपण झाडूने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या वर्षी मुलीचा शाळेचा मोजा ओढला गेला. वरच्या मजल्यावर ओढ एकदम मंदावली, खालच्या दोन्ही इनलेटवर मात्र ती ठणठणीत होती. वरच्या इनलेटचा पाइप मुख्य पाइपाला मिळेपर्यंतच्या टप्प्यातच काहीतरी अडले आहे, एवढे त्यावरून कळले. साधा व्हॅक्यूम क्लीनर त्या इनलेटला लावून उलट ओढून पाहिले, लांब तार घालून पाहिली, मोजा हलला नाही. शेवटी पीओपी फोडले तेव्हा वर प्लंबरने लावलेला काटकोनी एल्बो सापडला आणि त्यात करडा पडलेला पांढरा मोजा. वरच्या उत्तरातले बेंडचे वाक्य म्हणूनच दोनदा वाचावे.

पावसाळ्यात ओले काही ओढायचे नाही हेही आम्ही अनुभवाने शिकलो. सांडलेली कणीक एका जुलै महिन्यात ओढली, ती दमट हवेत पाइपाच्या आतून लिंपल्यासारखी बसली आणि पुढे कित्येक दिवस नळीला आंबूस वास येत होता. इनलेटच्या झाकणाचे रबर सैल झाले की मुंग्या आत जातात. एका तोंडात पालीची अंडीही निघाली. सहाव्या वर्षी मोटारीचे कार्बन ब्रश झिजले, ते यायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत घर फुलझाडूवरच चालले. कोणाला दोष देत नाही. इथे हे यंत्र बसवणारे थोडे आणि त्याचे सुटे भाग ठेवणारे त्याहून थोडे.

तीन मजल्यांच्या घरासाठी मी पुन्हा हाच निर्णय घेईन. एका मजल्याच्या सदनिकेसाठी घेतला असता का, याचे उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

सचिव_सी_विंग

मी माझ्या सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे रूक्ष वाटले तरी नियमांचे लिहितो. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जात यंत्राची जागा, पाइपाचा मार्ग आणि हवा बाहेर सोडण्याचे ठिकाण नकाशावर दाखवावे. बीम, कॉलम किंवा काँक्रीटच्या भिंतीत कोअर कटिंग (यंत्राने आरपार गोल भोक) करण्यास कोणतीही शहाणी समिती मान्यता देणार नाही. बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी बिल्डरची दोषदुरुस्तीची हमी केव्हापर्यंत आहे ते पाहा. उद्या त्या बाजूने पाणी झिरपू लागले तर बिल्डर प्रथम आपल्या भोकाकडे बोट दाखवील.

या यंत्राचे सगळे कौतुक ‘हवा बाहेर सोडली’ या दोन-तीन शब्दांत आहे. स्वतंत्र घरात बाहेर म्हणजे अंगण किंवा गच्ची. आपल्या इमारतीत बाहेर म्हणजे डक्ट, आणि डक्टमध्ये वरखालच्या सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. किंवा बाहेर म्हणजे ड्राय बाल्कनी, आणि तिच्या डोक्यावर सहाव्या मजल्याच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या. काही यंत्रे फिल्टरविना केवळ हवा गरगर फिरवून जड केर खाली पाडतात आणि बारीक धूळ हवेबरोबर बाहेर सोडतात. तसे यंत्र घेतलेत तर आपल्या सासऱ्यांची धूळ शेजाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर जाईल. पिशवी आणि फिल्टर असलेलेच यंत्र घ्यावे आणि दुपारी दोन ते चार ते चालवू नये, एवढे अर्जात आपणहून लिहिलेत तर परवानगी लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे.

छातीची_डॉक्टर

पार्लेकर ताई, आपल्या सासऱ्यांना मी तपासलेले नाही, म्हणून त्यांच्या औषधांविषयी काही लिहिणार नाही. दम्याच्या अनेक रुग्णांच्या घरी धुळीवरून जी चर्चा होते, तिच्यातला एक घोळ मात्र दूर करावासा वाटतो.

घरातल्या धुळीतला जो घटक दमा चाळवण्यात बहुधा पुढे असतो, तो धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेतला आहे. हे किडे लादीवर फारसे राहत नाहीत. ते गादीत, उशीत, सोफ्यात आणि जाड पडद्यांत राहतात, आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातून शोषून घेतात. मुंबईची हवा त्यांना मानवते यात नवल नाही. गादीवरून कितीही जोरदार व्हॅक्यूम फिरवला तरी वरवरची धूळ निघते, आत धरून बसलेले किडे निघत नाहीत. त्यासाठी गादीला आणि उशांना घट्ट विणीची, चेन लावून पूर्ण बंद होणारी आच्छादने घालावीत आणि चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावेत. अडीच लाखांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि दोन्हींपैकी एकच करायचे असेल तर मी हे आधी करीन.

बांधकामाची धूळ वेगळी. तिच्यातली जाड धूळ खाली बसते आणि ती कोरड्या झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपणे किंवा यंत्राने ओढणे केव्हाही चांगले. अत्यंत बारीक कण मात्र तासन्तास हवेत तरंगतात. जमिनीवर फिरणारे कोणतेही यंत्र त्यांना पकडत नाही, मग ते ड्राय बाल्कनीत असो वा तळघरात. हिवाळ्यात मुंबईत वारा मंदावतो तेव्हा त्यांचे प्रमाण वाढते. समोर फोडाफोड चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात.

आपण टोरांटोत अनुभवलेला फरक खरा आहे. साध्या यंत्रातून परत खोलीत येणारी हवा टाळली की त्रास कमी होतो. हेच काम चांगला हेपा फिल्टर बऱ्याच अंशी करतो. हेपा म्हणण्यासाठी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत, असे अमेरिकेतले प्रमाण आहे. मात्र फिल्टर हेपा असून यंत्राचे झाकण फटीतून हवा सोडत असेल तर उपयोग नाही. आणि यंत्र कोणतेही असले तरी केर काढताना व नंतर काही वेळ बाबांनी त्या खोलीत नसावे. गॅलरीत जाऊन उभे राहण्याची त्यांची सवय योग्यच आहे, फक्त ती गॅलरी बांधकामाच्या बाजूची नसावी.

पार्लेकर_सून

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोरी घेऊन नव्या घरी गेलो.

आधी खिळ्याची परीक्षा केली. खोल्यांमधल्या भिंतींत खिळा सहज गेला. हॉलची बाहेरची भिंत आणि लिफ्टकडची भिंत यांवर दोन खिळे वाकले. मग पॅसेजमध्ये, ड्राय बाल्कनीला पाठ लागून असलेल्या भिंतीपाशी बाबा खुर्ची टाकून दोरीचे एक टोक धरून बसले आणि मी दुसरे टोक घेऊन फिरले. तिन्ही बेडरूम, स्वयंपाकघर आणि हॉलचा बहुतेक भाग दोरीत आला. हॉलच्या खिडकीखालचा कोपरा तेवढा हातभर दूर राहिला, तिथे तसाही टीव्ही येणार आहे. म्हणजे चार सोडाच, दुसऱ्या इनलेटचीही गरज नाही.

बाबा पश्चिम रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि खर्चाच्या कागदाकडे ते अजूनही ऑफिसातल्यासारखेच पाहतात. दोरी गुंडाळताना ते म्हणाले, “यंत्र भिंतीच्या पलीकडे आणि आपण अलीकडे. मग याला सेंट्रल कशासाठी म्हणायचे?” मला उत्तर सुचले नाही. टोरांटोला आवाज येत नव्हता तो यंत्र दोन मजले खाली असल्यामुळे. आमच्याकडे मध्ये चार इंचांचा ब्लॉक असेल.

मावशींनाही विचारले. रोज नळी ओढत फिरणार नाही, आठवड्यातून एकदा चालेल आणि रोज लादी आधी ओल्या फडक्याने पुसून घेईन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे मी अंधेरीला जाण्याआधीच विचारायला हवे होते.

गादीची आच्छादने मागवली आहेत. आता प्रश्न एवढाच की, पॅसेजमधून ड्राय बाल्कनीत जाणारा एकच आखूड पाइप टाकून तिथे यंत्र बसवण्यात अर्थ आहे का, की पिशवी आणि हेपा फिल्टरचा चांगला साधा क्लीनर घेऊन हा विषय संपवावा?

साइटवरचा

बाबांनी नेमके बोट ठेवले. पाइप हातभर लांबीचा असेल तर आपल्याला मिळणाऱ्या गोष्टी दोनच आहेत. सुटणारी हवा घरात येत नाही, आणि मोठे पिंप सारखे रिकामे करावे लागत नाही. आवाज कमी होईल, नाहीसा होणार नाही. ‘साधाच क्लीनर बाल्कनीत ठेवून लांब नळी लावू’ असे कोणी सुचवील, पण साध्या क्लीनरची मोटर आखूड नळीच्या हिशेबाने बनवलेली असते. नऊ मीटरच्या अरुंद नळीत हवा घासत जाते आणि टोकाला ओढ उरत नाही.

माझा सल्ला असा की, यंत्र आत्ता घेऊ नका, वाट मात्र करून ठेवा. खिळा जिथे सहज गेला त्या भिंतीतून दोन इंची पाइपाचा तुकडा आरपार बसवा, बाल्कनीकडे किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येणार नाहीत. दोन्ही तोंडांना टोपी लावा, टोपीला सोल्युशन लावू नका. शेजारून २४ व्होल्टची वायर ओढून ठेवा आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या पॉइंटव्यतिरिक्त मेन बोर्डापासून १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, वेगळ्या एमसीबीवर, आणून ठेवा. गवंडी आणि वायरमन घरात असतानाच हे केले तर खर्च काही हजारांत आटोपतो. मग पिशवी आणि हेपावाला साधा क्लीनर वर्षभर वापरा. समोरची इमारत पूर्ण होईपर्यंत तेवढा काळ जाईलच.

पार्लेकर_सून

हे पटले. समितीला आजच पत्र दिले, बाल्कनीकडच्या तोंडाचा नकाशाही जोडला. एकच विचारायचे राहिले. कोटेशनमध्ये इनलेट जमिनीपासून दीड फुटावर दाखवला होता. पुढेमागे यंत्र घेतलेच तर बाबाही कधी नळी लावतील, त्यांना वाकायला त्रास होतो. तोंड वर घेतले तर चालते का?

साइटवरचा

चालते. दीड फूट ही तिकडच्या प्लग पॉइंटच्या उंचीवरून पडलेली पद्धत आहे, ओढीशी तिचा संबंध नाही. विजेच्या बटणांच्या उंचीला घ्या. फक्त दार उघडल्यावर त्याच्या मागे जाणार नाही अशी जागा पाहा, आणि भिंत बंद करण्यापूर्वी पाइप व वायर दिसेल असा फोटो काढून ठेवा.

बोरिवलीची_ताई

आणि फोटोत मेजरिंग टेप लावलेला असू द्या, एक टोक कोपऱ्याला आणि दुसरे पाइपावर. आमच्याकडे फोटो होता पण टेप नव्हता. मोजा दीड फुटाच्या तुकड्यात होता, पीओपी चार फूट फोडावे लागले.